‘आयपीएक्स८’ लिहिलेल्या टॉर्चच्या काचेत पाणी का दिसते, आणि गळती नेमकी कशी शोधावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. निफाड तालुक्यातील एका द्राक्ष बागायतदारांकडे १८६५० सेलवर (पुन्हा चार्ज होणाऱ्या लिथियम सेलचा एक प्रकार) चालणारा ॲल्युमिनियमचा टॉर्च आहे आणि त्याच्यावर ‘आयपीएक्स८’, म्हणजे पाण्यात बुडाला तरी चालेल अशी खूण, कोरलेले आहे. रात्रीची वीज आली की ते हा टॉर्च घेऊन विहिरीवर जातात. तो कधी पावसात भिजतो, कधी पाटाच्या पाण्यात पडतो, आणि दुसऱ्या दिवशी काचेच्या आतून कधी धुके तर कधी थेंब दिसतात. मागच्या टोपणाची ओ-रिंग, म्हणजे सांध्यातून पाणी येऊ न देणारे रबरी कडे, त्यांनी बदलली, आट्यांना व्हॅसलीन लावले, तरीही तेच घडते. पाणी कुठून येते ते कसे शोधावे आणि टॉर्च कोरडा कसा ठेवावा, असे त्यांनी विचारले आहे.

मी गेली वीसेक वर्षे नाशिकमध्ये टॉर्च आणि हेडलॅम्प दुरुस्त करतो. माझ्याकडे येणाऱ्यांत बागायतदार असतात तसे त्र्यंबक-इगतपुरीच्या पावसात भटकणारे ट्रेकरही असतात, आणि दोघांचीही तक्रार जवळजवळ याच शब्दांत येते. बिबट्याचा वावर असलेल्या उसाच्या बांधावर मध्यरात्री टॉर्च विझणे म्हणजे काय, हे निफाडच्या माणसाला मी सांगायला नको; म्हणून हे उत्तर जरा विस्ताराने लिहितो. आपल्याकडे टॉर्चलाच ‘बॅटरी’ म्हणण्याची रीत आहे. घोटाळा नको म्हणून येथे मी टॉर्च आणि सेल हेच शब्द वापरतो.

‘पाणी कसे अडवावे’ हा प्रश्न पुढचा आहे. त्याआधी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात. आत दिसते ते पाणी खरोखर बाहेरून आले आहे का, आणि आले असेल तर कोणत्या वाटेने व कोणत्या वेळी. यातील ‘कोणत्या वेळी’ हा भाग बहुतेक जण विसरतात आणि माझ्या अनुभवात गळती सापडत नाही ती नेमकी त्यामुळेच.

प्रथम धुके आणि थेंब यांतला फरक पाहू. पावसाळ्यात सेल बदलताना टॉर्च उघडला की दमट हवा आत जाऊन बंद होते. ३० अंश तापमानाच्या पूर्ण दमट हवेत घनमीटरमागे सुमारे ३० ग्रॅम वाफ असते. आपल्या टॉर्चमध्ये मोकळी जागा फार तर २०-२५ मिलिलिटर, म्हणजे त्या हवेत वाफ एक मिलिग्रॅमपेक्षाही कमी. पाण्याचा एक साधा थेंब सुमारे ५० मिलिग्रॅमचा असतो. तेव्हा कोंडलेल्या दमट हवेतून काचेवर झिरझिरीत धुके येऊ शकते, पण थेंब कधीच तयार होऊ शकत नाही. काच गार पडल्यावर धुके आले आणि टॉर्च पाच-दहा मिनिटे लावताच ते विरून गेले, तर बहुधा गळती नाही. कोरड्या दुपारी, सेल काढून, दोन्ही टोके उघडून टॉर्च काही तास पंख्याखाली ठेवा आणि तेथेच बंद करा. मात्र थेंब दिसला, ओघळ दिसला, परावर्तकावर, म्हणजे दिव्याभोवतीच्या चकचकीत वाटीवर, वाळलेल्या पाण्याचा डाग दिसला, तर पाणी बाहेरूनच आले आहे, याबद्दल शंका ठेवू नये. आपल्या वर्णनात थेंब आहेत, म्हणून पुढचे सारे विवेचन गळती आहे असे धरूनच करतो.

‘आयपीएक्स८’ या खुणेविषयीही थोडे सांगायला हवे. हे अंक आयईसी ६०५२९ या आंतरराष्ट्रीय मानकातून येतात. ‘एक्स’ म्हणजे धुळीबद्दल काही सांगितलेले नाही. ७ म्हणजे १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे. ८ म्हणजे त्याहून कठीण, पण किती खोल आणि किती वेळ हे उत्पादकाने सांगायचे. ही चाचणी नव्या नगावर, स्थिर आणि स्वच्छ पाण्यात होते. ७ क्रमांकाच्या चाचणीत तर वस्तू आणि पाणी यांच्या तापमानात ५ अंशांपेक्षा जास्त फरक असू नये, अशी अट आहे. शिवाय ७ किंवा ८ मिळाले म्हणजे ५ आणि ६ मधली फवाऱ्याची चाचणीही पार झाली असे होत नाही. एचटीपी पंपाच्या, म्हणजे जोराच्या दाबाने फवारणाऱ्या पंपाच्या, गनने टॉर्च धुणारे शेतकरी मी पाहिले आहेत, ते त्यांनी कृपया थांबवावे. स्वस्त टॉर्चवर ही खूण कोणतीही चाचणी न करता छापलेली असणेही शक्य आहे. तुमच्या टॉर्चवरची खूण खरी आहे असे मानले, तरी ती ५ अंशांची अट लक्षात ठेवा, कारण तुमच्या विहिरीवर नेमकी तीच मोडते.

टॉर्च पूर्ण उजेडावर वीस मिनिटे चालला की अंग सहज ५५ अंशांपर्यंत तापते. आतली हवा फुगते आणि कुठे बारीकशी फट असेल तर थोडी हवा त्या फटीतून बाहेर पडते. हे काहीच दिसत नाही, जाणवत नाही. मग तोच तापलेला टॉर्च २२ अंशांच्या पाण्यात पडतो. उरलेली हवा आकसते; ५५ वरून २२ अंशांवर येताना तिचा दाब सुमारे एक दशांशाने उतरतो. हवेच्या दाबाचा दहावा हिस्सा म्हणजे जवळजवळ १ मीटर पाण्याचा दाब. पाट वीतभर खोल असतो, पण टॉर्चच्या दृष्टीने तो मीटरभर खोल पाण्यात पडलेला असतो. आतल्या २० मिलिलिटर हवेची जागा भरून काढण्यासाठी तो सुमारे २ मिलिलिटर, म्हणजे लहान चमच्याच्या निम्म्याहून थोडे कमी पाणी आत ओढू शकतो. पाऊस टॉर्चमध्ये पाणी फारसे ढकलत नाही. गळका टॉर्च तापताना श्वास सोडतो आणि गार पडताना श्वास घेतो, आणि त्या क्षणी फटीवर पाणी असेल तर ते पाणीच आत घेतो. ट्रेकर मंडळींना उंचीमुळेही हाच अनुभव येतो. नाशिक शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे आणि कळसूबाईचे शिखर १६४६ मीटरवर. तेवढ्या चढाईत बाहेरचा दाब दहाव्या हिश्शाहून अधिक उतरतो, हवा बाहेर पडते, आणि उतरताना पावसात टॉर्च पुन्हा श्वास घेतो.

हे मी पुस्तकातून नाही, एका चुकीतून शिकलो. काही पावसाळ्यांपूर्वी हरिहर किल्ल्यावर जाणाऱ्या एका तरुणाने टॉर्च आणला होता. मी तो बादलीतल्या गार पाण्यात तीनदा, दर वेळी अर्धा तास बुडवून ठेवला; आत ठेवलेला टिश्यू पेपर तिन्ही वेळा कोरडा निघाला. टॉर्च ठीक आहे असे सांगून मी तो परत दिला आणि पुढच्याच आठवड्यात तो काचेत पाणी घेऊन पुन्हा माझ्यासमोर आला. या वेळी मी तो आधी तापवला आणि मग गार पाण्यात टाकला. दहा मिनिटांत कागद ओला. बटणावरचे रबर काढून आतून अंगठ्याने ढकलत उजेडात फिरवले, तेव्हा रबराच्या घुमटाच्या मुळाशी, जिथे रबर दर दाबाला दुमडते तिथे, केसाएवढी चीर उघडली. अंगठा सोडला की ती मिटायची आणि रबर पुन्हा नव्यासारखे दिसायचे. त्या दिवसापासून मी नुसत्या गार पाण्याच्या चाचणीवर एकही टॉर्च परत दिलेला नाही.

आता तुम्ही घरी काय करावे ते सांगतो. सर्वांत आधी सेल बाहेर काढा. पुढची एकही चाचणी सेल आत ठेवून करायची नाही. टॉर्च पूर्ण कोरडा करा, नाहीतर जुनेच पाणी नव्या गळतीचा भास निर्माण करते. टिश्यू पेपरची टॉर्चच्या नळीएवढी (सेल बसतो त्या भागाएवढी) लांब सुरळी करा आणि तिच्यावर शाईच्या पेनाने, बॉलपेनाने नव्हे, बोटभर अंतरावर आडव्या रेघा ओढून ती वाळू द्या. ही सुरळी सेलच्या जागी ठेवा. काच धरून ठेवणारी पुढची कडी फिरवून उघडता येत असेल तर काचेच्या मागे, परावर्तकाच्या काठावर, त्याच कागदाची एक बारीक पट्टीही बसवा. मग सर्व भाग रोजच्यासारखेच घट्ट करा. रोजच्यापेक्षा जास्त जोर लावाल तर रोजची गळती सापडणार नाही.

एका पसरट भांड्यात हाताला सोसवेल पण फार वेळ बोट ठेवता येणार नाही असे, म्हणजे साधारण ५० अंशांचे, पाणी घ्या. टॉर्च आडवा धरून पाण्याखाली दोन-तीन बोटेच बुडवा, कारण खोल नेल्यास बाहेरचा दाब बुडबुडे अडवतो. अंगावरच्या खरखरीत नक्षीत अडकलेली हवा सुरुवातीला चहूकडून सुटते. ती बोटाने पुसून काढा. त्यानंतर एकाच जागेवरून, एकामागून एक, मोहरीच्या दाण्याएवढे बुडबुडे येऊ लागले तर ती गळतीची जागा. टॉर्च हळूहळू फिरवत पुढची कडी, डोके आणि नळी यांचा सांधा, बाजूचे बटण, चार्जिंगची खाच आणि मागचे टोपण यांच्यावर प्रत्येकी मिनिटभर नजर ठेवा. मागचे बटण पाण्याखालीच दहा-पंधरा वेळा दाबा. चीर दुमडीत लपलेली असेल तर ती दाबतानाच बोलते.

दहा मिनिटांनंतर टॉर्च बाहेर काढून लगेच माठातल्या गार पाण्यात टाका आणि पंधरा मिनिटे तसाच राहू द्या. पहिल्या टप्प्यात ज्या फटीतून हवा गेली, त्याच फटीतून आता पाणी आत येईल. नंतर तो बाहेरून नीट पुसा आणि टोपण खाली धरून उघडा, म्हणजे सांध्यात अडकलेले पाणी आत न जाता खाली पडेल. ही साधी गोष्ट न केल्यामुळे कित्येक चांगल्या ओ-रिंग विनाकारण फेकल्या जातात.

उघडल्यावर आधी आटे पाहा. बहुतेक टॉर्चमध्ये ओ-रिंग आट्यांच्या बाहेरच्या बाजूला असते. त्यामुळे रिंगेच्या अलीकडची फट ओली असणे स्वाभाविक आहे, पण आटे ओले असतील तर पाणी रिंग ओलांडून आलेले आहे. आटे कोरडे आणि कागदाचे मागचे टोक ओले असेल, तर दोष बटणाच्या रबराचा. कागदाच्या मधल्या रेघा फुटल्या असतील तर बाजूचे बटण किंवा चार्जिंगची खाच तपासा. फक्त काचेमागची पट्टी ओली असेल तर पुढची कडी. शाईची रेघ जिथे सर्वांत जास्त पसरली, तिथून शोध सुरू करायचा. तुम्ही मागच्या टोपणाची रिंग बदलूनही फरक पडलेला नाही, म्हणून माझा पहिला संशय बटणाच्या रबरावर आहे आणि दुसरा पुढच्या काचेच्या रिंगेवर. पण टॉर्च हातात न घेता याहून खात्रीने सांगणे योग्य होणार नाही.

ओ-रिंग हाच दोष निघाला तर ती बदलण्याआधी भिंगाखाली पाहा. एक केस, सुताचा एक धागा किंवा भुरी रोगासाठी बागेत धुरळलेल्या गंधकाचा एक कण रिंगेवर आडवा पडला तरी त्याच्या दोन्ही बाजूंना पाण्याला वाट मिळते. मी स्वतः अशी रिंग पाहिली आहे जिच्यावर पापणीचा एक केस ग्रीसमध्ये चिकटून बसला होता. तो चिमट्याने काढला आणि गळती थांबली, नवी रिंग लागली नाही. रिंग स्वच्छ असेल तर तिचा छेद पाहा. ती गोल असायला हवी. वर्षानुवर्षे दाबून चपटी झालेली रिंग खाचेच्या वर पुरेशी येत नाही. खाचेवरून नख फिरवले तर रिंगेचा उंचवटा स्पष्ट जाणवला पाहिजे. आतला व्यास आणि रिंगेच्या दोऱ्याची, म्हणजे रबराची, जाडी या दोन मापांवर रिंग मिळते, आणि जाडीत दशांश मिलिमीटरचा फरकही चालत नाही. बारीक रिंग दाबली जात नाही, जाड रिंग टोपण फिरवताना कडेवर चिरते. सातपूर-अंबडच्या कारखानदारीमुळे आपल्याकडे ऑइल सील आणि ओ-रिंग ठेवणारी दुकाने आहेत. जुनी रिंग सोबत नेऊन नायट्राइल रबराचीच मागा. तुम्ही बदललेली रिंग अंदाजाने घेतलेली असेल तर तीही एकदा मापून पाहा.

व्हॅसलीनबद्दल सांगायचे तर ते सरसकट वाईट नाही आणि सरसकट चालतही नाही. नायट्राइल रबराला ते अपाय करत नाही. ईपीडीएम रबर मात्र पेट्रोलियमच्या पदार्थांनी फुगून खराब होते आणि सिलिकॉन रबरही त्यांनी फुगते. सिलिकॉन ग्रीस नायट्राइल आणि ईपीडीएम दोन्हींना चालते, पण सिलिकॉनच्या रिंगेला तेही फुगवते. काळी रिंग यांतली कोणती हे नुसते पाहून ओळखता येत नाही. म्हणून माझी रीत अशी की रिंग नायट्राइलची बसवायची आणि ग्रीस सिलिकॉनचे लावायचे. सीपीयूवर लावतात ती पांढरी हीट सिंक पेस्टही कधी कधी ‘सिलिकॉन’ म्हणून हातात दिली जाते. तिच्यात बहुधा झिंक ऑक्साइडसारखी बारीक पूड असते, ती रिंगेवर लावू नका. आणखी एक गैरसमज असा की ग्रीस पाणी अडवते. पाणी अडवते ती दाबली गेलेली रिंग. ग्रीसचे काम तिला पिळ न पडता सरकू देणे एवढेच. बोटावर मुगाच्या दाण्याएवढे ग्रीस घेऊन रिंग त्यातून फिरवा. ती ओली दिसावी, पण तिच्यावर गोळा दिसू नये, कारण जादा ग्रीस धूळ पकडते आणि आपल्या मळ्यांत धुळीला तोटा नाही.

बटणाचे रबर चिरलेले असेल तर ते बदलायचेच. त्याच्यावर कोणताही थर टिकत नाही, कारण ते दर दाबाला दुमडते. हे रबर बहुधा सिलिकॉनचे असते, म्हणून त्याला ग्रीस न लावता कोरडेच बसवा आणि त्याला आतून दाबून धरणारी आट्यांची चकती पुरती घट्ट करा. चकती पाव फेरा सैल राहिली तरी रबराचा काठ दाबला जात नाही, आणि रबर धडधाकट असूनही टॉर्च गळतो. दुरुस्तीत हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता चिमट्याने प्रथम चकतीच तपासतो.

पुढच्या काचेची कडी गोंदाने बसवलेली असेल तर ती जबरदस्तीने उघडू नका. सांध्यातून गळती सिद्ध झाली असेल तर तटस्थ प्रकारच्या सिलिकॉन सीलंटचा बारीक थर बाहेरून देता येतो. व्हिनेगरसारखा वास येणारे सीलंट टाळा, कारण सुकताना त्यातून सुटणारे आम्ल तांब्याला आणि जोडांना खाते. झटपट चिकटणारा गोंद तर काचेजवळ मुळीच नेऊ नका. त्याच्या वाफेने काच आणि परावर्तक आतून कायमचे पांढरे होतात. परावर्तकही कधी कापडाने पुसू नये, त्याचा चकचकीत थर अगदी नाजूक असतो.

सगळेच टॉर्च दुरुस्त होण्याजोगे नसतात. डोके पुढे-मागे सरकवून झोत बदलणारा झूम टॉर्च हा रचनेनेच पिचकारी आहे. डोके बाहेर ओढले की तो हवा आत घेतो आणि ओल्या हाताने ओढले तर पाणीही. त्याला पिशवीत ठेवणे एवढाच उपाय आहे. प्लॅस्टिकच्या मोठ्या चार्जिंग टॉर्चमध्ये बहुधा रिंगच नसते, म्हणून त्यांच्यावर वेळ घालवू नये.

गळती दुरुस्त झाल्यावर वापराची काळजी थोडीशीच आहे. तापलेला टॉर्च धुण्यासाठी पाण्यात धरू नका. आधी दहा मिनिटे बंद ठेवा. पाटात पडलाच तर उचलून लगेच उघडू नका. कोरड्या जागी नेऊन, पुसून, मग टोपण खाली धरून उघडा. सेल शक्यतो टॉर्च गार असताना आणि कोरड्या खोलीत बदला, कारण गरम टॉर्चचे टोपण लावले की तो गार होताना आत दाब उतरतो आणि चांगल्या रिंगेवरही उगाच भार येतो. निफाडच्या थंडीत पारा काही रात्री ५ अंशांच्या खाली जातो आणि बाग वाचवण्यासाठी तुम्ही रात्रभर पाणी देता. तेव्हा हा फरक पावसाळ्याहूनही मोठा असतो. बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याची फवारणी) टॉर्चवर उडाले तर त्याच रात्री ओल्या फडक्याने पुसा. त्यातले तांबे उघड्या ॲल्युमिनियमला खड्डे पाडते आणि खाचेत खड्डा पडला की कोणतीही रिंग तिथे पाणी अडवू शकत नाही.

पाणी आत गेलेच असेल तर सेल तपासण्यात हयगय करू नका. १८६५० सेलवरचे प्लॅस्टिक फाटले असेल, टोकाला गंज किंवा पांढरट थर आला असेल, तर तो पुन्हा चार्ज न करता बाजूला काढा. सेल धडधाकट दिसला तरी तो पूर्ण कोरडा झाल्याशिवाय चार्जिंगला लावू नका. आणि टॉर्चला चार्जिंगची खाच असेल तर तिच्यात ओल असताना केबल जोडू नका. सुकवण्यासाठी तांदळाच्या डब्यापेक्षा सिलिका जेलच्या पुड्या घातलेला घट्ट झाकणाचा डबा केव्हाही चांगला, कारण तांदळाची भुकटी आट्यांत जाऊन बसते.

रिंग मी दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस, पहिल्या पावसाआधी, तपासतो आणि त्याच वेळी वर सांगितलेली गरम-गार चाचणी करतो. तुम्ही प्रथम ती चाचणी बटणाच्या रबराकडे लक्ष ठेवून करा आणि कागदाच्या कोणत्या रेघा फुटल्या ते कळवा. जुनी रिंग फेकू नका. टॉर्चचे नाव लिहिलेल्या पाकिटात ठेवा, दुकानात माप दाखवायला तीच लागेल.